खिंडीच्या चार फळ्या

मी, खाली सही करणारी, धंदा जाळी विणणे व दुरुस्त करणे, राहणार समुद्रालगतचे शेवटचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला आलेली माणसे ओट्यावरूनच परत गेली. त्यांतली काही पुढे लाभार्थी म्हणून येतील. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी विचारले, "आजी, हल्ली काही विसरायला होतं का?" मी म्हटले, "तेच तर होत नाही." त्यांनी लगेच दाखला लिहून दिला.

सर्वांची पूर्ण नावे वकीलबाईंनी वेगळ्या कागदावर लिहून जोडली आहेत. इथे मी प्रत्येकाला ज्या नावाने रोज हाक मारते किंवा मारायचे टाळते, त्याच नावाने लिहीन. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मरणाची वाट पाहणाऱ्यांनी परस्पर काही करून ठेवले असेल, तर ते रद्द समजावे.

कलम १. मालमत्ता.

समुद्रालगतचे जुने घर, त्याचा ओटा, अंगण आणि अंगणातून किनाऱ्यावर उतरणारी वाट; टेकडीवरच्या वसाहतीतले एक घर; बँकेतली थोडी बचत; जाळी विणायच्या सुया; एक मोठे पातेले; आणि चार फळ्या. यांतले काही मी कमावले, काही नवऱ्यामागे माझ्या नावावर झाले. नवरा वादळाच्या बराच आधी गेला. गोड माणूस होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही, म्हणून या कागदात तो पुन्हा येणार नाही.

कलम २. कारणे.

इथे वकीलबाईंनी मला अडवले. म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात कारणं लिहीत नाहीत. कोणाला काय द्यायचं, एवढंच लिहा."

"मग कारणं कुठे लिहायची?"

"कुठेच नाही."

"म्हणजे मी मेल्यावर ती माझे दीर लिहिणार. गावच्या पुनर्वसन समितीच्या छापील पत्रकावर, वर स्वतःचा फोटो लावून."

वकीलबाईंनी दिराचे पत्रक पाहिलेले आहे. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. म्हणून कारणे लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी वादळात समुद्र गावात शिरला. घरे गेली, होड्या गेल्या, माणसे गेली. माझा थोरला मुलगा गेला. माझे घर दगडी जोत्यावर असल्याने भिंती राहिल्या, छप्पर गेले. त्यानंतरचे काही आठवडे हे गाव शहाण्यासारखे वागले, हे नोंदवून ठेवणे माझे कर्तव्य आहे, कारण पुन्हा ते तसे वागलेले नाही. माझ्या अंगणात एकच चूल होती आणि एकच पातेले. ज्याला जे सापडेल ते तो त्यात आणून टाकायचा. चिखलातून उपसलेली जाळी लोक माझ्यापुढे आणून टाकत, आणि ज्यांना कधी साधी गाठ मारता आली नव्हती ती माणसेसुद्धा माझ्याशेजारी बसून फाटलेले सांधत. चार घरांत मिळून एक होडी उरली होती. ती चारही घरांची माणसे घेऊन जायची आणि जे मिळेल ते याच अंगणात ओतायची. रडणारा रडत असे आणि त्याच्या हातातले जाळेही पुढे सरकत असे.

मग मदत आली.

मदत देणारे भले लोक होते. त्यांनी एवढेच विचारले, "तुमची चूल वेगळी की एकत्र?" ज्याची चूल वेगळी त्याला टेकडीवरच्या नव्या वसाहतीत वेगळे घर मिळणार होते. दुसऱ्या दिवशी पाहते तर गावात माणसे कमी आणि चुली जास्त. जन्मात कधी भांडले नव्हते ते भाऊ कागदावर भांडून वेगळे निघाले. माझ्या दिराने तर आपल्या सख्ख्या आईची, म्हणजे माझ्या सासूची, चूल वेगळी दाखवली. कागदावर वेगळे काढले, आणि घर मिळाल्यावर खरेच वेगळे ठेवले. आमच्या गावचे खोटे असे असते. लाभ मिळून गेला तरी ते घरातून जात नाही. सासूबाई त्या कोऱ्या घरात कोऱ्या खुर्चीवर एकट्या बसून असत. मी जेवण घेऊन गेले की विचारत, "बाकीचे कुठे आहेत गं?" बाकीचे शेजारच्याच घरांत होते, आपापल्या दाराला आतून कडी लावून.

होड्यांचेही तेच झाले. प्रत्येक चुलीला एक होडी. न्हाव्यालासुद्धा मिळाली, त्याला पाण्याकडे बघूनच मळमळते. आधी गावात होड्या कमी आणि गडी भरपूर होते. आता सगळेच मालक झाले, आणि दुसऱ्याच्या होडीत गडी म्हणून बसायला कोणी तयार होईना. म्हणून निम्म्या होड्या किनाऱ्यावर पालथ्या पडून आहेत आणि त्यांच्याखाली कुत्री वितात. याला समितीच्या अहवालात स्वावलंबन असे म्हटले आहे.

आम्हा बायकांना मेणबत्त्या करायला शिकवले. का, ते शिकवणाऱ्या मुलीलाही माहीत नव्हते, पण पोरगी मायाळू होती, म्हणून मी शिकले. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून मला एक बूट आला. एकच. दुसरा कोणत्या पूरग्रस्ताच्या नशिबी गेला ते मी अजून शोधते आहे.

कलम ३. भिंत आणि खिंड.

घरे झाली, होड्या झाल्या, मग समितीला भिंतीची हुक्की आली. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये दोन पुरुष उंच भिंत. भिंत माझ्या अंगणावरून जाणार होती. समितीचे अध्यक्ष, म्हणजे माझे दीर, नकाशा घेऊन आले.

"वहिनी, इथे सही करा. गावाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"भाऊजी, भिंत झाल्यावर समुद्रावर जायचं कुठून?"

"दरवाजा ठेवलाय ना. लिलावाच्या शेडपलीकडे."

"तिथवर खांद्यावर ओलं जाळं घेऊन चालत जायचं? आणि किल्ली कोणाकडे?"

"समितीकडे."

"म्हणजे तुमच्याकडे."

मी सही केली नाही. कोर्टकचेरी झाली, तीही त्यांनीच केली आणि तेच हरले. शेवटी भिंत माझ्या अंगणाच्या समुद्राकडच्या चिंचोळ्या तोंडाच्या एका कडेला येऊन थांबली आणि दुसऱ्या कडेपासून पुढे सुरू झाली. मधल्या मोकळ्या जागेला गाव खिंड म्हणते, आणि मला खिंडवाली म्हातारी. ज्यांनी हे नाव ठेवले ते सगळे रोज पहाटे याच खिंडीतून समुद्रावर जातात. समितीच्या दरवाजाला कुलूप असते आणि किल्लीवाला जेवायला गेलेला असतो. माझ्या अंगणात चिखलाचे पाय उमटवत जाताना पाहिजे तेवढ्या शिव्या देतात: "म्हातारीपायी एक दिवस सगळं गाव बुडणार." येताना माझ्याच रांजणातले पाणी पितात.

त्यांचे म्हणणे खोटे नाही. खिंड उघडी राहिली तर पुढच्या मोठ्या उधाणाला पाणी तिथूनच शिरेल. ती बुजवली तर दर्यावर जाणारी उरलीसुरली माणसेही कंटाळून जाणे सोडतील आणि टेकडीवर बसून मेणबत्त्या करतील. मी समितीला अर्ज केला की खिंडीला बंद होणारे दार करा. उत्तर आले की मूळ आराखड्यात दार नाही. मी मेले की धाकटा मुलगा जागा समितीला देईल, समिती खिंड बुजवेल, आणि दीर तिथे उभे राहून भाषण करतील, हे ठरलेले आहे. ते होऊ नये म्हणून हा कागद आहे.

मी का अडून बसले, ते मी कोर्टात सांगितले नाही. वादळाच्या सकाळी माझा थोरला याच वाटेने खाली गेला. आधी काकाला, म्हणजे याच दिराला, पाठीवर घेऊन वर आला आणि माझ्या ओट्यावर टाकले. मग पुन्हा गेला आणि शेजारच्या बर्फवालीला तसेच पाठीवर घेऊन आला. मी म्हटले, "आता पुरे." तो म्हणाला, "आई, अजून कोणीतरी हाक मारतंय." आणि तिसऱ्यांदा गेला. कोण हाक मारत होते ते कधीच कळले नाही. ज्या वाटेने माझा मुलगा गेला, त्या वाटेवर मी सिमेंट ओतू देणार नाही. एवढेच कारण आहे, आणि ते माझ्या दिराला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

कलम ४. दिरास.

माझ्या दिराचे मासळीचे गोदाम माझ्या जागेमागे आहे आणि त्याची गाडी माझ्याच जागेतून जाते. हा रस्ता वापरण्याचा हक्क मी त्यांना देते. सोबत एक फळी देते. ही चारांतली सर्वांत जाड फळी आहे. हक्क आणि फळी एकमेकांना बांधलेले आहेत. फळी हरवली, विकली, जाळली किंवा तिच्यावर समितीचे नाव रंगवले, तर रस्ता त्याच दिवशी बंद. फळी कशासाठी, ते पुढे येईल. दरवर्षी वादळात गेलेल्यांच्या स्मारकापाशी ते माझ्या मुलाला "गावाचा सुपुत्र" म्हणतात. त्यांनी यापुढे त्याला पुतण्या म्हणावे. तो तुम्हाला पाठीवर घेऊन आला तेव्हा गावाचे नाव घेत नव्हता, भाऊजी. "काका, घट्ट धरा" म्हणत होता. मी ऐकले आहे.

कलम ५. धाकट्या मुलास.

धाकटा वादळाआधीच शहरात गेला. वाईट मुलगा नाही, घाबरट आहे. दर रविवारी फोन करतो.

"आई, ती जागा देऊन टाक आणि इकडे ये. इथे लिफ्ट आहे."

"लिफ्टमधून समुद्र दिसतो का?"

"आई, समुद्रानेच दादाला नेलं."

"हो ना. म्हणून तर त्याच्यावर नजर ठेवायला हवी."

मग तो विषय बदलतो आणि जेवलीस का विचारतो. वसाहतीतले घर मी त्याला देते. त्याला समुद्राच्या बाजूने खिडकी नाही, त्यामुळे ते त्याला मानवेल. सोबत दुसरी फळी. ती त्याच घरात ठेवायची, शहरात न्यायची नाही. घर रिकामे ठेवायचे नाही, भाड्याने द्यावे, आणि भाडेकरू फळीचे एक टोक उचलू शकेल असा बघावा. वर्षातून एकदा स्वतः येऊन फळीला डांबर लावावे. बँकेतली बचत मी या डांबरासाठीच ठेवली आहे. तुला ती कमी वाटेल, बाळा, पण येण्याला निमित्त पुरेल.

कलम ६. बर्फवालीस.

माझी शेजारीण, बर्फवाली, माझ्याशी नऊ वर्षे बोलत नाही. कारण ते मोठे पातेले. मदत आली, चुली वेगळ्या झाल्या, त्या दिवशी ती म्हणाली की पातेले तिचे आहे आणि लाटेने वाहून माझ्या अंगणात आणून टाकले. पातेले माझे आहे. माझ्या आईकडून आले आहे. हे मी इथे साक्षीदारांसमक्ष लिहिते, आणि ते पातेले तिलाच देते. मृत्युपत्राने मिळालेली वस्तू घेताना ती माझी होती हे तिला सही करून मान्य करावे लागेल. तो क्षण बघायला मी नसेन, एवढेच एक मरणाचे दुःख.

तिला तिसरी फळी. तिच्या बर्फाच्या खोलीत जागा आहे आणि तिच्या हातांत अजून बळ आहे. तिला पाठीवरून उतरवताना माझ्या मुलाने म्हटले होते, "आई, या मावशी भयंकर जड आहेत." मी हसले होते. त्यानंतर तो तिसऱ्यांदा गेला. म्हणून मला तिचा रागही धड करता येत नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

मेणबत्त्यांचा उरलेला सर्व साठा समितीच्या कार्यालयास द्यावा. बूटही.

कलम ७. सुनेस.

थोरल्याच्या बायकोने भिंत बांधायला आलेल्या गवंड्याशी लग्न केले. गावाने काय काय म्हटले ते इथे लिहिले तर कागद खराब होईल. दिरांनी समितीच्या सभेत ठराव मांडला की ती आता आपद्ग्रस्त राहिली नाही, तिचे नाव कमी करावे. मी सभेत उठून विचारले, "आनंदात असलेल्यांची नावं कमी करायची असतील तर आधी अध्यक्षांचं करा." ठराव बारगळला. त्या लग्नाला तिला मीच तयार केले. ती म्हणत होती, "आई, मी गेले तर तुमच्याकडे कोण बघणार?" मी म्हटले, "तू इथे बसून माझ्याकडे बघत राहिलीस तर मला तुझ्याकडे बघवणार नाही. जा." ती गेली आणि रोज येते. तिच्या नवऱ्याला मी काय म्हणावे, असा नात्याचा शब्द मला सापडला नाही. मी त्याला गवंडी म्हणते. तो मला आई म्हणतो आणि न सांगता छप्पर शाकारतो.

समुद्रालगतचे जुने घर, ओटा, अंगण आणि खिंड मी माझ्या सुनेला देते. ती माझी सून आहे. तिने घर विकायचे नाही, खिंड बुजवायची नाही, आणि ओल्या जाळ्याखाली वाकून चाललेल्या कोणालाही अडवायचे नाही, मग तो कितीही शिव्या देवो. रांजण भरलेला ठेवावा. जाळ्याच्या सुया तिलाच. तिच्या गाठी सुटतात; सराव करावा.

चौथी फळी तिची. ही बाकीच्यांपेक्षा हलकी आहे. माझ्या थोरल्याच्या होडीची एवढीच फळी समुद्राने परत केली. सुताराने ती रंधा मारायला घेतली तेव्हा मी म्हटले, कडा सारख्या कर, पण थोरल्याने रंगवलेली निळी पट्टी राहू दे. ती आहे.

कलम ८. फळ्यांचा उपयोग.

खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या टोकांना गवंड्याने उभ्या खोबणी कोरल्या आहेत. आराखड्यात नव्हत्या, आता आहेत. चारही फळ्या वरून त्या खोबणीत सरकवायच्या, एकावर एक. चारही बसल्या की उधाणाच्या पाण्यापुरती खिंड बंद. एरवी वाट उघडी. मी, सुतार आणि गवंड्याने बसवून पाहिल्या आहेत. सुताराने विचारले, "आजी, चारही फळ्या इथेच ओट्यावर ठेवा ना. चार घरांत कशाला? वेळेला कोणी आणली नाही तर?"

"नाही आणली तर बुडतील."

"म्हणून तर म्हणतो."

"म्हणून तर ठेवते."

वकीलबाईंनीही हेच विचारले, जरा अवघड शब्दांत. त्यांनाही हेच उत्तर दिले. या गावाला चुली वेगळ्या करायला एक दिवस लागला. एकत्र करायला नऊ वर्षांत कोणाला सवड झाली नाही. उधाणाचा इशारा हल्ली बराच आधी मिळतो, भोंगा वाजतो. तेवढ्या वेळात चार दारांच्या कड्या निघाल्या पाहिजेत. एकट्या घराला यांतली एकही जाड फळी उचलणार नाही, तशाच करवून घेतल्या आहेत. शेजाऱ्याला हाक मारावी लागेल. लाज वाटेल, पण मारा.

क्रम असा. सर्वांत खाली दिराची फळी. ती बसल्याशिवाय दुसरी बसत नाही, त्यामुळे भोंगा वाजल्यावर अध्यक्षांना सर्वांत आधी यावे लागेल आणि सर्वांसमोर वाकावे लागेल. तिच्यावर धाकट्याची, ती त्याच्या भाडेकरूने आणावी. तिच्यावर बर्फवालीची, तिने आणि दिराने ती मिळून उचलावी, कारण एकदा दोघेही एकाच पाठीवरून वर आले आहेत. सर्वांत वर सुनेची, निळ्या पट्टीची.

वर्षातून एकदा, ज्या दिवशी धाकटा डांबर लावायला येईल त्या दिवशी, चारही फळ्या लावून पाहाव्यात. त्या दिवशी पातेले बर्फवालीने आणावे. त्यात काय शिजवायचे ते तुमचे तुम्ही ठरवा, मेलेल्या माणसाला विचारत बसू नका.

खऱ्या उधाणाला चौथी फळी बसवण्याआधी सुनेने वाटेवर उभे राहून समुद्राच्या दिशेने मोठ्याने हाक मारावी. कोणी मागे राहिले असेल तर उत्तर देईल. उत्तर आले नाही, तरी थोडे थांबावे. मग पुन्हा एकदा मारावी. लोक म्हणतील, पाणी चढते आहे, लाव लवकर. म्हणू दे. मी नऊ वर्षे थांबले. तुम्हाला दोन हाका थांबायला काही होत नाही. मग लाव, बाळा.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकीलबाईंकडे सोपवले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असा नियम आहे. म्हणून दोघांनाही आज मी चहासुद्धा दिलेला नाही. एकमेकांच्या समक्ष, माझ्या समक्ष, वाचून पाहून त्यांनी सह्या केल्या आहेत.

सही : जाळी विणणारी, खिंडवाली

साक्षीदार १ : न्हावी, होडीचा मालक
साक्षीदार २ : सुतार. फळ्या मोजून पाहिल्या, चार आहेत.

ठिकाण : माझे अंगण, समुद्राकडे तोंड करून
दिनांक : चार फेब्रुवारी, वादळानंतरचे नववे वर्ष; सकाळी, होड्या परत येण्याच्या वेळी